जलसंजीवनीमागील विज्ञान : विसरण, परासरण आणि अतिसारात हरवणारे पाणी

अतिसार झालेल्या बालकाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्याचा व क्षारांचा. हे पाणी आणि हे क्षार वेळेवर परत मिळाले, तर बहुतेक बालके घरच्या घरी बरी होतात. त्यासाठी लागणारे साधन आज देशभर उपलब्ध आहे. जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएसची पाकिटे, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी, उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यामार्फत विनामूल्य दिली जातात.

तरीही पाकीट हाती आल्यावर अनेक घरांत चुका होतात. कोणी एक लिटरचे पाकीट एका पेल्यात विरघळवतो, कोणी चव यावी म्हणून त्यात आणखी साखर घालतो, तर कोणी ‘जुलाब थांबत नाहीत, मग याचा उपयोग काय’ असे म्हणून ते देणेच बंद करतो. या चुका निष्काळजीपणातून होत नाहीत. पाकिटावरील सूचनेमागचे कारण कोणी समजावून सांगितलेले नसते, म्हणून त्या होतात. ते कारण शालेय पुस्तकांतील विसरण व परासरण या दोन संज्ञांत दडलेले आहे. प्रस्तुत पाठात ते क्रमाने समजून घेऊ.

१. पेशीभोवतीचे पटल

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती अत्यंत पातळ असे पेशीपटल असते. ते मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे असून त्यात जागोजागी प्रथिने रोवलेली असतात. हे पटल सर्वच पदार्थांना सारखी वाट देत नाही. प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज जातात. पाणीही जाते, अनेक पेशींत त्यासाठी प्रथिनांच्या खास वाहिन्या असतात. मीठ व साखर मात्र स्निग्ध थर ओलांडू शकत नाहीत; त्यांना प्रथिनांच्या विशिष्ट दारांचीच आवश्यकता असते. अशा प्रकारे काहींना वाट देणाऱ्या व काहींना अडवणाऱ्या पटलास निवडक्षम पारपटल म्हणतात.

२. विसरण

पेलाभर पाण्यात तळाशी साखर टाकून ती न ढवळता ठेवल्यास काही काळाने वरचे पाणीही गोड लागते. साखरेचे कण जेथे दाटीने असतात तेथून ते विरळ असलेल्या भागाकडे पसरत जातात. जास्त संहतीकडून कमी संहतीकडे होणाऱ्या पदार्थांच्या या प्रवासाला विसरण म्हणतात. त्यासाठी शरीराला ऊर्जा खर्च करावी लागत नाही.

आपला प्रत्येक श्वास विसरणावर अवलंबून आहे. फुप्फुसांतील वायुकोशांत प्राणवायू अधिक असतो आणि तेथे येणाऱ्या रक्तात कमी असतो, म्हणून प्राणवायू वायुकोशातून रक्तात जातो. कार्बन डायऑक्साइडचा प्रवास याच कारणाने उलट दिशेने होतो.

३. परासरण

आता अशी कल्पना करा, की पटलाच्या एका बाजूला मिठाचे दाट द्रावण आहे, दुसऱ्या बाजूला साधे पाणी आहे, आणि ते पटल मिठाला अडवते पण पाण्याला वाट देते. मीठ पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून पाणीच मिठाच्या बाजूला जाते. निवडक्षम पारपटलातून पाण्याच्या अशा प्रवासाला परासरण म्हणतात. विरघळलेले कण जेथे अधिक, तेथे पाणी ओढले जाते, एवढे सूत्र लक्षात ठेवावे.

स्वयंपाकघरात हे आपण नित्य पाहतो. चिरलेल्या काकडीवर मीठ भुरभुरले की थोड्याच वेळात तिला पाणी सुटते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडी मिठात ठेवल्या की बरणीच्या तळाशी पाणी साचते. बाहेरच्या मिठाने फोडींच्या पेशींतील पाणी ओढून घेतलेले असते. उलट, सुक्या मनुका साध्या पाण्यात भिजवल्या की फुगतात, कारण त्यांच्या आत साखर दाट असते व बाहेरचे पाणी आत जाते.

पेशीच्या दृष्टीने द्रावणांचे तीन प्रकार होतात.

• समपरासारी द्रावण : पेशीच्या आत व बाहेर कणांची संहती समान असते. पेशीचा आकार बदलत नाही. रुग्णालयात शिरेतून देण्यात येणारे ०.९ टक्के मिठाचे द्रावण या प्रकारचे असते.
• अवपरासारी द्रावण : बाहेरचे द्रावण विरळ असते. पाणी पेशीत शिरते व पेशी फुगते.
• अतिपरासारी द्रावण : बाहेरचे द्रावण दाट असते. पाणी पेशीतून बाहेर पडते व पेशी आकसते.

पुढील सर्व विवेचन या तीन ओळींवर उभे आहे.

४. आतड्यातील पाण्याचा रोजचा हिशेब

प्रौढ माणूस दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी व द्रवपदार्थ पोटात घेतो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा व आतड्यांचा रस मिळून आणखी सुमारे सात लिटरांची भर पडते. असे आठ-नऊ लिटर द्रव रोज आतड्यांत येते. पण शौचावाटे जाते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. उरलेले सर्व पाणी आतडी पुन्हा रक्तात शोषून घेतात.

हे पाणी उचलून नेणारा कोणताही पंप आतड्यात नाही. पाण्याला ओढण्यासाठी आतडे मिठाचा उपयोग करते. आतड्याच्या अस्तरातील पेशी पोकळीतील सोडियम आत घेतात आणि मागील बाजूने, म्हणजे रक्ताकडील बाजूने, ऊर्जा खर्चून तो बाहेर ढकलतात. त्यामुळे पेशींच्या मागील भागात कणांची संहती वाढते आणि परासरणाने पाणी तिकडे जाते. थोडक्यात, सोडियम पुढे जातो व पाणी त्याच्या मागोमाग जाते.

५. अतिसारात काय बिघडते

कॉलरा, म्हणजेच पटकी, हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. कॉलऱ्याचे जंतू आतड्यात विष सोडतात. हे विष अस्तरातील पेशींतील क्लोराइडची दारे उघडी ठेवते. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत सतत वाहू लागते, त्यामागे सोडियम जातो, आणि परासरणाच्या नियमानुसार त्यामागे पाणी जाते. ज्या नियमाने रोज पाणी रक्तात येते, त्याच नियमाने ते आता उलट दिशेने वाहू लागते. प्रौढ रुग्ण काही तासांत कित्येक लिटर पाणी गमावू शकतो. कॉलऱ्याचे हे विष कोलकात्याचे शास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले.

अशा वेळी रुग्णाला केवळ साधे पाणी पाजल्यास ते पुरेसे शोषले जात नाही, कारण त्याला ओढून नेणारा सोडियम स्वतःच बाहेर वाहत असतो. केवळ मिठाचे पाणी दिले, तरी एकट्या सोडियमला आत घेणारा मार्ग मंदावलेला असतो. मग पाणी आत न्यावे कसे?

६. शाबूत राहिलेले दार

आतड्याच्या पेशींवर आणखी एक दार असते. ते सोडियम व ग्लुकोज यांना एकत्र आत घेते. दोघांपैकी एकटा आला तर ते नीट चालत नाही. या सहवहनाची कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्राग येथे मांडली. कॉलऱ्याच्या विषाने हे दार बंद पडत नाही. म्हणून मीठ व ग्लुकोज योग्य प्रमाणात मिसळलेले पाणी दिले, की ग्लुकोजसोबत सोडियम आत जातो आणि त्या दोघांमागे पाणी जाते. जुलाब चालू असतानाही शोषण घडते. जलसंजीवनीचे सारे सामर्थ्य या एका दारात आहे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. जलसंजीवनीतील साखर चवीसाठी नाही आणि केवळ शक्तीसाठीही नाही. ती सोडियमला आत नेणारी सोबतीण आहे.

या ज्ञानाची मोठी कसोटी भारतात लागली. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून देण्याचे द्रावण संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण तयार करवून पिंपांतून वाटले. रुग्णांचे नातेवाईकच पेल्या-पेल्याने ते पाजत असत. त्यांच्या उपचारांखालील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. प्रशिक्षण नसलेली माणसेही हा उपचार सुरक्षितपणे देऊ शकतात, हे तेथे सिद्ध झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

७. पाकिटातील मोजमाप असेच का?

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ मध्ये शिफारस केलेल्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीत पुढील घटक असतात.

• सोडियम क्लोराइड (मीठ) : २.६ ग्रॅम
• ग्लुकोज : १३.५ ग्रॅम
• पोटॅशियम क्लोराइड : १.५ ग्रॅम
• ट्रायसोडियम सायट्रेट : २.९ ग्रॅम

एकूण २०.५ ग्रॅम. या द्रावणात सोडियम व ग्लुकोज यांच्या कणांची संख्या समान, म्हणजे दर लिटरला प्रत्येकी ७५ एकके असते. सर्व कण मिळून हा आकडा २४५ होतो. आपल्या रक्तात तो साधारण २८५ ते २९५ असतो. म्हणजे जलसंजीवनी रक्तापेक्षा किंचित विरळ आहे, आणि म्हणून पाणी आतड्याकडून रक्ताकडे जाण्यास ती अनुकूल ठरते. पूर्वीच्या सूत्रात हा आकडा ३११, म्हणजे रक्तापेक्षा थोडा अधिक होता. नव्या सूत्रामुळे शौचाचे प्रमाण व उलट्या घटतात आणि शिरेतून द्रावण देण्याची वेळ कमी रुग्णांवर येते, असे आढळले. पोटॅशियम जुलाबांवाटे गेलेली उणीव भरून काढते, तर सायट्रेट रक्तात वाढलेली आम्लता कमी करते.

८. माप चुकल्यास काय होते?

पाणी कमी घातल्यास : एक लिटरचे पाकीट एका पेल्यात विरघळवल्यास द्रावण सुमारे पाचपट दाट होते. ते अतिपरासारी असल्याने रक्तातील पाणी उलट आतड्यात ओढले जाते व जुलाब वाढतात. शोषला गेलेला जास्त सोडियम रक्तातील मिठाची पातळी वाढवतो. मेंदूच्या पेशींतून पाणी बाहेर पडून बालकाला झटके येऊ शकतात.

पाणी जास्त घातल्यास : क्षारांची उणीव भरून निघत नाही. बालकाला दीर्घकाळ केवळ साधे पाणी पाजत राहिल्यास रक्त विरळ होते, मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगतात, आणि यामुळेही झटके येऊ शकतात.

साखर वाढवल्यास किंवा शीतपेय दिल्यास : अनेक गोड शीतपेयांत दर लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे जलसंजीवनीतील ग्लुकोजच्या सुमारे सातपट. सोडियम मात्र अत्यल्प असतो. न शोषली गेलेली साखर आतड्यात राहून पाणी ओढते. डबाबंद फळांचे रस व शक्तिवर्धक पेयेही याच कारणाने अतिसारात योग्य नाहीत. पेयाच्या नावात वा जाहिरातीत काहीही म्हटलेले असो, वेष्टनावरील घटक वर दिलेल्या सूत्राशी जुळतात की नाही, हे पाहूनच ते घ्यावे.

दुधात, चहात वा रसात पाकीट मिसळल्यास : त्या पदार्थांतील कण द्रावणात मिसळून सारे प्रमाण बिघडते. जलसंजीवनी केवळ पिण्याच्या स्वच्छ पाण्यातच करावी.

९. जलसंजीवनी तयार करण्याची व देण्याची पद्धत

१) हात साबणाने धुवावेत. भांडे व चमचा स्वच्छ असावा.

२) पाकिटावर लिहिलेले पाण्याचे माप आधी वाचावे. बाजारात एक लिटरची पाकिटे मिळतात, तशीच २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात. जेवढे माप लिहिले असेल तेवढेच पाणी घ्यावे. उकळून थंड केलेले पाणी उत्तम.

३) संपूर्ण पाकीट एकाच वेळी पाण्यात घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. एका पाकिटाचे अंदाजाने भाग करू नयेत.

४) द्रावण झाकून ठेवावे. २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे व नवे तयार करावे.

५) प्रत्येक जुलाबानंतर २ महिन्यांखालील बाळास ५ चमचे, २ महिने ते २ वर्षांपर्यंतच्या बालकास पाव ते अर्धा कप, २ वर्षांवरील बालकास अर्धा ते एक कप द्यावे. मोठ्यांनी तहानेप्रमाणे घ्यावे. लहान बाळास बाटलीने न पाजता चमच्याने वा वाटीने पाजावे.

६) उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबावे व नंतर अधिक सावकाश, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा याप्रमाणे द्यावे.

७) स्तनपान चालू ठेवावे. सहा महिन्यांवरील बालकास पेज, वरणाचे पाणी, ताक, खिचडी असा नेहमीचा आहार द्यावा. सहा महिन्यांखालील व केवळ स्तनपानावरील बाळास जलसंजीवनी व आवश्यक औषधे यांव्यतिरिक्त काहीही देऊ नये.

८) झिंकची गोळी १४ दिवस द्यावी : २ ते ६ महिन्यांच्या बाळास रोज १० मिलिग्रॅम, सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करावेत.

पाकीट मिळेपर्यंत घरी द्रावण करावे लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवावे. हे तात्पुरते साधन आहे. त्यात पोटॅशियम व सायट्रेट नसतात. पाकीट मिळताच ते वापरण्यास सुरुवात करावी.

मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असलेल्या व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रमाण ठरवावे.

१०. ‘जुलाब तर थांबत नाहीत!’

जलसंजीवनी जुलाब थांबवणारे औषध नाही. तिचे काम गेलेले पाणी व क्षार परत देणे हे आहे. जुलाब साधारणतः काही दिवसांत आपोआप कमी होतात. तोवर शरीरातील पाण्याची पातळी टिकवून ठेवणे हाच उपचार आहे. म्हणून यश मोजताना जुलाबांची संख्या न पाहता बालकाकडे पाहावे. ते तरतरीत आहे का? लघवी होते आहे का? जीभ ओली आहे का? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तर उपचार योग्य दिशेने चालला आहे. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत आणि प्रतिजैविके डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून पाणी वा अन्न बंद करणे घातक आहे.

११. विलंब न करता आरोग्य केंद्रात न्यावे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास बालकास त्वरित जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे व वाटेतही, ते पिऊ शकत असल्यास, जलसंजीवनी पाजत राहावे.

• बालक सुस्त, निपचित वा बेशुद्ध आहे
• काही पिऊ शकत नाही किंवा प्यायलेले सर्व उलटून पडते
• डोळे खोल गेले आहेत
• पोटावरील त्वचा चिमटीत धरून सोडल्यास ती सावकाश पूर्ववत होते
• शौचात रक्त पडते
• झटके येतात किंवा ताप फार आहे
• बाळ दोन महिन्यांहून लहान आहे व त्याला जुलाब होत आहेत

तीव्र जलशुष्कतेत आतड्यांवाटे होणारे शोषण पुरेसे ठरत नाही. तेथे शिरेतून द्रावण देणे अनिवार्य असते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

१२. आपली उजळणी

प्रश्न : रुग्णाला साधे पाणी पुरेसे का नाही?
उत्तर : पाणी सोडियममागे जाते, आणि अतिसारात सोडियम आत नेण्यासाठी ग्लुकोजची सोबत लागते.

प्रश्न : दाट द्रावण अधिक गुणकारी का नाही?
उत्तर : ते अतिपरासारी असते, परासरणाने शरीरातीलच पाणी आतड्यात ओढते.

प्रश्न : मीठ लावलेली काकडी व चुकीच्या मापाची जलसंजीवनी यांत साम्य कोणते?
उत्तर : दोन्हींत बाहेरचे दाट द्रावण आतील पाणी ओढून घेते.

अतिसार टाळण्यासाठी शौचानंतर व बाळाला भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, पिण्याचे पाणी स्वच्छ व झाकलेले असावे, शौचालयाचाच वापर करावा आणि बाळाला ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात रोटाव्हायरसची लस द्यावी. जलसंजीवनीची किमान दोन पाकिटे प्रत्येक घरात असावीत. एक लिटरचे माप असलेले भांडे कोणते, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे. हे पत्रक वाचून झाल्यावर ते भांडे शोधून त्यावर खूण करून ठेवावी. रात्री-अपरात्री गरज पडल्यास ती खूण उपयोगी पडेल.